टीचरांचा ‘बारो’ आणि आमचा ‘ये’

बेळगावच्या वडगावात आमच्या घराखाली दोन माग खडखडत होते, तोवर वर कुणी गायलं असतं तरी ऐकू आलं नसतं. माग विकले, घर एकदम मुकं झालं, आणि वरच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या. म्हैसूरकडून बदली होऊन आलेल्या एक टीचर राहायला आल्या. सकाळी सहाला त्यांचं गाणं सुरू.

मी गाण्यात अगदीच ढ नाही. तीसेक वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतोय. बेळगावात पेटी वाजवायची म्हणजे रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावात वाजवायची, इथं चूक खपत नाही. पण सगळा जन्म कर्नाटकात काढूनही कर्नाटकी गाणं मला परकंच. धारवाड-हुबळीपासून इकडं सगळी ख्यालाची, म्हणजे हिंदुस्थानी गाण्याची पेठ. कुमार गंधर्व तर इथल्या सुळेभावीचे. कर्नाटकी म्हणजे कुठंतरी खाली दक्षिणेत चालणारं काहीतरी, एवढीच माझी समजूत.

टीचर एकच ओळ घोळवत होत्या. ‘कृष्णा नी बेगने बारो.’ पाच मिनिटं झाली, दहा झाली, तेच. मला वाटलं, पुढचं विसरल्या बहुतेक. अर्थ मला कळत होता. आमच्या गल्लीत संध्याकाळी कन्नड आया पोरांना ‘लगून बारो’ म्हणून हाका मारतातच की. (हा ‘लगून’ आपल्याच ‘लगोलग’चा भाऊ असणार, असा माझा संशय आहे.) बेगने म्हणजे लवकर. आणि ह्या बाई ‘लवकर ये’ म्हणताहेत बैलगाडीच्या चालीनं!

जिन्यात भेटल्या तेव्हा राहवलं नाही. माझ्या मोडक्या कन्नडात विचारलं, “टीचर, लवकर ये म्हणायचं आणि एवढं सावकाश?”

“अण्णा, पोरगं पहिल्या हाकेला आलं असतं तर हे पदच झालं नसतं.”

आणि तिथंच पायरीवर उभ्या राहून त्यांनी गाऊन दाखवलं. पहिला ‘बारो’ साधा, दारातून मारलेल्या हाकेसारखा. दुसरा खालून वर चढत गेला, त्यात थोडा राग. तिसरा वर जाऊन शेवटी हळूच खाली वाकला, म्हणजे आता लाडीगोडी. शब्द तोच, अक्षरही इकडचं तिकडं नाही. ओळीला असे एकावर एक चढवलेले जे फेर असतात, त्यांना कर्नाटकी गाणारे ‘संगती’ म्हणतात. मी ज्याला घोकणं समजत होतो, ते आईचं एकेक पाऊल अंगणात पुढं येणं होतं. बोटांवर ताल मोजला तर सात मात्रा निघाल्या, तीन आणि चार. हा मिश्र चापू ताल. आमच्या रूपकाच्याही सातच, पण हा जरा लंगडत, वाट बघत चालतो.

पद व्यासरायांचं, म्हणजे कन्नड संतकवी पुरंदरदासांच्या गुरूंचं. राग यमुना कल्याणी, आपल्या यमन कल्याणच्या घरातला. शेवटच्या कडव्यात कृष्णानं आईला तोंडात जग दाखवलं, असं येतं. ते गाऊन झालं की गाणारा परत पहिल्या ओळीवर. चाल तीच, ‘लवकर ये’ही तेच. पण आता ती बाई सगळं ब्रह्मांड बघून आलेली आहे, आणि तरी पोराला हाक मारतेय! अभंगाचं ध्रुवपद मीही हजार वेळा उचललंय, पण परत येताना त्यात काही बदलतं का, हे कधी कान देऊन ऐकलं नव्हतं.

रविवारी पेटी वर नेली आणि ती ओळ वाजवून दाखवली. सूर बरोबर होते, शपथेवर सांगतो. टीचर हसल्या. “अण्णा, तुमचा कृष्ण जिना उतरून येतोय. एकेक पायरी.”

मग त्या त्यांच्याकडचा तोडी राग गायल्या. मी म्हटलं, ही तर आमची भैरवी! पट्ट्या त्याच, बघा. पण त्यांचा गंधार एका जागी उभाच राहीना, झुलत राहिला. माझा गंधार आपला विजेच्या खांबासारखा उभा. त्यांच्याकडं ह्या झुलण्याला गमक म्हणतात. ते काढलं तर राग राहतच नाही, नुसत्या पट्ट्या राहतात. आमच्याकडं गमक म्हटलं की छातीतून काढलेला दणका डोळ्यांपुढं येतो, म्हणून आधी मला कळेना.

एकादशीला त्यांना भजनाला बोलावलं. मंडळात एकानं कुरकुर केली, कन्नड बाई कशाला म्हणून. मी म्हटलं, पुरंदरदासांच्या पदाच्या शेवटी ‘पुरंदर विठ्ठल’ असतो, देव कुठल्या भाषेचा ते तू ठरव. गप्प बसला.

शेवटी नेहमीची आरती. ‘येई हो विठ्ठले माझे माउली ये.’ आता ह्यातला शेवटचा ‘ये’ कसा म्हणतात ते तुम्हाला माहीत आहेच. दम असेतोवर ओढायचा. आमच्यात तर चुरसच लागते. सायकलवाले तात्या पंचाहत्तरीतही कुणाला हार जात नाहीत. मी पट्टी दाबून भाता मारत बसायचो, हा ‘ये’ एवढा लांब का, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

त्या दिवशी टीचरांनीही ‘ये’ धरला. आधी सरळ. मग तो किंचित हलायला लागला, वर जाऊन आला, खाली वाकला. तात्या मध्येच थांबले आणि त्यांच्याकडं बघत राहिले. टाळ बंद पडले. पेटीचा सूर त्या आवाजाला आडवा यायला लागला, तशी मी पट्टीवरची बोटं उचलली.