खिडकीकडचे आणि दाराकडचे

लालबागच्या एका चाळीतली वाचनालयाची खोली, रविवारची सकाळ, आठ माणसं. चौघं एका शिवसेनेची, चौघं दुसरीची. जून २०२२ नंतर यांच्यातल्या बहुतेकांचं बोलणं गणपतीच्या वर्गणीपुरतं उरलं होतं. त्यांना समोरासमोर बसवून एकमेकांचं ऐकायला लावायची ही बैठक. ती चालवणारे आम्ही दोघं, एकेका बाजूकडे कल असलेले. हे मुद्दाम. एकटाच संवादक असला की अर्ध्या तासात अर्धी खोली त्याला समोरच्या पार्टीचा ठरवते.

पद्धत मूळची अमेरिकेतली. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर डिसेंबरात ओहायोत ट्रम्प आणि क्लिंटन यांच्या मतदारांना समोरासमोर बसवलं गेलं आणि त्यातून ब्रेव्हर एंजल्स ही संस्था उभी राहिली. एक गट आतल्या वर्तुळात बसून बोलतो, दुसरा बाहेर बसून नुसता ऐकतो, मग जागा बदलतात. एवढं आम्ही उचललं. पण तिथे माणसं बहुधा अनोळखी असतात, इथे एकाच मंडळात वाढलेली. म्हणून ओळखीचा भाग गाळला आणि तो वेळ एकाच कामाला दिला: समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडून सांगायचं. बरोबर सांगितलं की नाही, हे ज्याचं म्हणणं तोच ठरवणार.

तयारीतल्या काही गोष्टी अजिबात सोडायच्या नाहीत. प्रत्येकाशी आधी पंधरा मिनिटं फोनवर बोलायचं. पदाधिकाऱ्याला बोलवायचं नाही, कारण तो खोलीतल्यांशी नाही, खोलीबाहेरच्यांशी बोलतो. बैठकीआधी व्हॉट्सॲप ग्रुप काढायचा नाही, दुसऱ्या दिवशीच फॉरवर्ड सुरू होतात. रेकॉर्डिंग नाही. आचारसंहिता लागली की बैठकच नाही. आणि पंखा बारीक ठेवायचा. ऐकू आलं नाही की माणूस आवाज चढवतो, समोरच्याला तो राग वाटतो.

पहिली अडचण नावांचीच आली. दोन्हीकडच्यांना ‘शिवसेना’च म्हणवून घ्यायचं होतं. ‘शिंदे गट’ म्हटलं की एका बाजूच्या कपाळावर आठी, ‘उबाठा’ म्हटलं की दुसऱ्या बाजूच्या. निशाणीवरून म्हणावं, तर धनुष्यबाण कुणाचा हाच वाद. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला तो शिंदेंना देऊन टाकला, पण मनातून तो गेलेला नाही. शेवटी जे जिथे बसले होते त्यावरून ठरलं: खिडकीकडचे आणि दाराकडचे. यात वीस मिनिटं गेली. ती वाया गेली असं मला वाटत नाही. आठही जणांनी मिळून ठरवलेली त्या सकाळची ती पहिली गोष्ट होती.

आतल्या वर्तुळात ‘का’ विचारायचं नाही, हा आमचा नियम. ‘का’ विचारलं की माणूस वकिली करतो. ‘कधीपासून’, ‘त्या दिवशी काय झालं’ असं विचारलं की आठवण सांगतो. तरीही बाहेरच्या वर्तुळातून एकजण ‘खोके’ म्हणालाच आणि खिडकीकडचा एक तरुण उठून गेला. चूक आमची. त्या दोघांचं आधीचं भांडण फोनवर विचारायला हवं होतं. माझा जोडीदार त्याच्यामागे जिन्यात गेला, मी खोली सोडली नाही. दोघांनी एकदम बाहेर जायचं नसतं.

मग जोड्या. बोलणाऱ्याला तीन मिनिटं, सांगणाऱ्याला एक.

खिडकीकडचे बेस्टमधून निवृत्त झालेले काका. १९८९ ला धनुष्यबाण मिळाला, १९९० च्या निवडणुकीत त्यांनी स्वतः रात्र रात्र जागून तो भिंतींवर रंगवला होता. बाणाचं टोक कसं ओढायचे तेही त्यांनी बोटाने हवेत काढून दाखवलं. समोर दाराकडच्या वहिनी.

वहिनी म्हणाल्या, “काकांना निशाणी महत्त्वाची, माणूस नाही.”

“नाही, असं नाही म्हटलं मी.”

“बरं. निशाणी ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे काका.”

“‘ज्याच्याकडे जाईल’ हे तुमचं, वहिनी.”

इथे बहुतेक बैठका मोडतात. सांगणारा आपलं उत्तर त्यात मिसळतो, ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. अशा वेळी संवादकाने दुरुस्ती करायची नाही, फक्त “परत एकदा” म्हणायचं. वहिनींनी पाण्याचा घोट घेतला. बराच वेळ खाली बघत होत्या.

“काका म्हणतात, ते कुठे गेलेच नाहीत. होते तिथेच आहेत. सोडून गेलो ते आम्ही.”

काकांनी चष्मा काढला. “हं. हेच.”

तीन वर्षं वहिनी त्यांना ‘सोडून गेलेले’ म्हणत होत्या, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं. कुणी काही बोललं नाही. मीही ती शांतता मोडली नाही.

मग उलट. वहिनींच्या मिस्टरांना रात्री दोन वाजता रक्त लागलं, ते शाखेतल्या एका माणसाने आणून दिलं. तो माणूस मशालीबरोबर राहिला, म्हणून त्याही राहिल्या.

“वहिनींवर उपकार आहेत, त्या फेडतायत,” काका म्हणाले.

“उपकार नाही काका. रात्री दोनला कुणाचं दार वाजवायचं, ते मला माहीत आहे.”

“परत एकदा,” मी म्हणाले.

काकांना चार वेळा सांगावं लागलं. पावणेएक वाजला तेव्हा दोन जोड्या उरल्या होत्या, आणि एका जोडीत तो उठून गेलेला तरुण होता. त्याला संध्याकाळी फोन केला. पुढच्या रविवारी येतो म्हणाला, पण शेजारी काका बसले तरच.