अंकोरच्या ओवऱ्यांमधून

कंबोडियाला जाऊन आलेल्या बहुतेकांच्या संग्रहात अंकोर वाट या मंदिरावरील सूर्योदयाचे छायाचित्र असतेच. पाच शिखरांच्या मागून उजाडत असताना त्यांचे प्रतिबिंब समोरच्या तळ्यात उतरते, ते पाहण्यासाठी पहाटे पाचपासून तिथे गर्दी जमते आणि भल्या पहाटे उठल्याचे चीज होते. तरीही परदेशप्रवासात पाहिलेल्यांपैकी सर्वांत मोलाचे काय, असे कुणी विचारले तर मी तळमजल्यावरच्या ओवऱ्यांचे नाव घेईन. सूर्योदय आटोपला की बरेचसे गट न्याहारीसाठी हॉटेलवर परततात आणि त्या ओवऱ्यांमध्ये काही काळ शांतपणे हिंडता येते. जाणाऱ्या प्रत्येकाने ती वेळ साधावी, असे मला मनापासून वाटते.

सूर्यवर्मा दुसरा या ख्मेर (म्हणजे कंबोडियातल्या मुख्य लोकसमूहातल्या) राजाने १२व्या शतकाच्या पूर्वार्धात हे विष्णुमंदिर उभारले. भोवतीचा खंदक जवळपास १९० मीटर रुंद आहे. तटाची भिंत जांभ्याची आहे, त्यामुळे कोकणात वाढलेल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटते. दर्शनी काम मात्र वालुकाश्माचे असून तो दगड कुलेन डोंगरातून पाण्याच्या वाटेने आणलेला आहे. चिरे एकमेकांवर घासून इतके नेमके बसवले आहेत की सांध्यांत चुना लागलेला नाही. जवळ जाऊन पाहिले की अनेक चिऱ्यांवर बोट सहज जाईल अशी गोल भोके दिसतात; दगड उचलताना त्यांत लाकडी खुंट्या ठोकत असत. एवढ्या प्रचंड वास्तूत मला पाथरवटांच्या रोजच्या कामाची सर्वांत जवळची खूण वाटली ती या भोकांत.

मंदिराचे तोंड पश्चिमेला आहे आणि ओवऱ्यांतले शिल्पपट पाहताना भिंत डाव्या हाताला ठेवून, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या उलट दिशेने चालावे लागते. पश्चिम आणि उलटी प्रदक्षिणा या दोन्हींचा संबंध मृत्यूशी जोडला जातो, त्यामुळे हे मंदिर राजाचे मृत्यूनंतरचे स्मारक म्हणून बांधले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. सुरुवातीलाच कुरुक्षेत्र लागते. दोन्हीकडून सैन्ये चालून येत आहेत, शरपंजरी पडलेला भीष्म दिसतो आणि अर्जुनाच्या रथावर चार हातांचा कृष्ण आहे. पुढे दक्षिणेच्या ओवरीत स्वतः सूर्यवर्म्याची मिरवणूक आहे. हत्तीवर उभ्या असलेल्या राजाभोवती छत्रांची दाटी आहे आणि शेजारच्या छोट्याशा लेखात त्याला परमविष्णुलोक म्हटले आहे. मिरवणुकीच्या अग्रभागी सयामी सैनिकांची तुकडी असून त्यांचे वेश आणि चालण्याची ढब शिल्पकाराने मुद्दाम निराळी दाखवली आहे. त्यापुढच्या पटात यमाचा दरबार भरला आहे, चित्रगुप्त निवाडा सांगतो आहे आणि खाली बत्तीस नरक नावानिशी कोरलेले आहेत.

मग कोपरा वळून पूर्वेच्या ओवरीत शिरले की समुद्रमंथन समोर येते, आणि इथे मात्र माझे पाय हलेनात. जवळजवळ ४९ मीटर लांबीचा हा एकच पट आहे. डाव्या बाजूला ९२ असुर आणि उजव्या बाजूला ८८ देव वासुकीला धरून मागे रेललेले आहेत. मधोमध मंदार पर्वतापाशी विष्णू आहे, तळाशी कूर्म आहे आणि वरच्या पट्ट्यात अप्सरांचे थवेच्या थवे उसळून वर आले आहेत. गोष्ट लहानपणापासून पाठ, त्यामुळे आपण हे ओळखीचेच पाहतो आहोत या समजुतीने मी आरंभी भराभर चालले होते. आमचे गाइड पन्नाशीतले ख्मेर गृहस्थ होते. त्यांनी मला थांबवून खालच्या पट्टीकडे पाहायला सांगितले. तिथे समुद्रातले मासे आणि मगरी आहेत; दोन्ही टोकांकडचे प्राणी धडधाकट आहेत, पण पर्वताच्या जसजसे जवळ जावे तसतसे पाण्याच्या वेगाने त्यांचे तुकडे झालेले दिसतात. मंथन एका जागी खिळलेल्या दगडात कोरायचे आणि त्यातली गती माशांच्या अर्धवट तुटलेल्या शरीरांतून दाखवायची, ही कल्पना ज्या कारागिराला सुचली त्याला मनोमन नमस्कार करावासा वाटला. देवांच्या रांगेच्या अगदी टोकाला वासुकीची शेपटी धरून एक वानर उभा आहे आणि त्याला बहुतेक जण हनुमान म्हणून ओळखतात. आपल्याकडच्या मंथनकथेत तो कुठेच नाही; ख्मेर शिल्पकाराने त्याला हौसेने तिथे नेले आहे.

यापुढचे दोन पट त्यामानाने उरकते घ्यायला हरकत नाही. ते १६व्या शतकात, म्हणजे मूळ बांधकामानंतर सुमारे चारशे वर्षांनी कोरले गेले, आणि हाताची सफाई कमी झाल्याचे साध्या डोळ्यांनाही जाणवते.

अंकोरजवळच्या सिएम रीप शहरापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर असलेले बांतेय स्रेई आकाराने अगदीच लहान आहे. राजगुरू यज्ञवराह याने बांधवलेल्या या शिवमंदिराची प्रतिष्ठापना सन ९६७ मध्ये झाली. गुलाबी छटेच्या वालुकाश्मावरचे तिथले कोरीवकाम इतके नाजूक आहे की ते लाकडावर केले असावे असे वाटते. तिथल्या एका त्रिकोणी शिल्पपटात रावण कैलास हलवतो आहे. हाच प्रसंग वेरूळच्या कैलास लेण्यात आपण पाहिलेला असतो आणि तो डोळ्यांसमोर ठेवून हा पट पाहण्यात फार मोठा आनंद आहे. वेरूळला सारा जोर रावणाच्या ताकदीवर आणि वर निश्चिंत बसलेल्या शिवावर आहे. बांतेय स्रेईला कैलास पायऱ्यापायऱ्यांचा आहे. त्या पायऱ्यांवर ऋषी आहेत, प्राण्यांच्या तोंडांचे गण आहेत, तळाशी सिंह आणि हत्ती भेदरून पळत सुटले आहेत आणि सर्वांत वर पार्वती शिवाला बिलगली आहे. संकट डोंगरावरच्या एकेका जिवापर्यंत कसे पोचले, हे सांगण्यात या शिल्पकाराला अधिक रस होता.

तिथे हिंडताना भारतीय गटांमधून ‘हे सगळे आपलेच’ असे उद्गार वारंवार ऐकू येतात. त्यामागचा जिव्हाळा मला समजतो, पण मला ते पटत नाही. कथा आपल्याकडून तिकडे गेल्या, देवांची नावे आणि लिपीचे मूळही गेले. पण बांधवून घेणारे राजे ख्मेर होते, घडवणारे हात ख्मेर होते आणि त्यांनी त्या कथांना आपल्या भूमीचे रूप दिले. तिथले शिलालेख याची उत्तम साक्ष देतात. देवांची आणि राजांची स्तुती संस्कृत श्लोकांत आहे, तर भातशेते, सेवक, मंदिराला दिलेल्या वस्तू यांच्या याद्या ख्मेर गद्यात आहेत. अंकोर वाटच्या पश्चिम गोपुरात आठ हातांची एक भव्य विष्णुमूर्ती आहे. तिला स्थानिक लोक ता रीच म्हणतात, भगवी वस्त्रे नेसवतात आणि तिच्यापुढे उदबत्त्या लावून नवस बोलतात. ते बौद्ध आहेत आणि ही मूर्ती त्यांची आहे. आपण तिथे पाहुणे म्हणून उभे राहिलो, तरच हे नीट दिसते.

बायॉनबद्दलही थोडे सांगायला हवे. सातव्या जयवर्म्याच्या या बौद्ध मंदिराच्या शिखरांवर कोरलेल्या प्रचंड चेहऱ्यांकडे सगळे धावतात, आणि ते स्वाभाविक आहे. मात्र बाहेरच्या ओवरीत शेजारच्या चंपा राज्याच्या चाम सैन्याशी होड्यांमधून झालेल्या लढाईच्या खालच्या पट्टीत गावचा सगळा संसार कोरला आहे. कोंबड्यांची झुंज लागली आहे, बाजारात बायका बसल्या आहेत, मोठ्या हंड्याखाली जाळ घालून स्वयंपाक चालला आहे, एका ठिकाणी बाळंतपण होते आहे. आमच्या गाइडना त्यातली बैलगाडी सर्वांत प्रिय होती. तिचा घाट आणि चाके आपल्या आजोबांच्या गाडीसारखीच आहेत, असे ते अभिमानाने सांगत होते. तोन्ले साप सरोवर पावसाळ्यात मेकाँग नदीचे पाणी उलटे शिरल्याने फुगून कित्येक पटींनी पसरते आणि त्यातल्या मासळीवर हा सारा प्रदेश आजही जगतो. पटातल्या होड्यांखाली तीच मासळी दाटीने कोरलेली आहे.

अंकोरचा तीन दिवसांचा पास ६२ डॉलरला मिळतो. त्यातला एक पूर्ण दिवस फक्त अंकोर वाट आणि बायॉनच्या ओवऱ्यांसाठी राखून ठेवावा. अंकोर वाटच्या पूर्वेच्या ओवरीत सकाळी आणि पश्चिमेच्या ओवरीत दुपारनंतर उजेड चांगला असतो. बायॉनच्या ओवरीवरचे छत पडून गेलेले असल्यामुळे तिथे भर दुपारी शिल्पे सपाट दिसतात; ऊन तिरपे झाले की उठाव स्पष्ट होतात. सोबत स्थानिक गाइड जरूर घ्यावा.