तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो

२००४ साली इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला तेव्हा मी पणजीच्या रांगेत लेखक म्हणून उभा होतो. आता दिग्दर्शक म्हणून उभा असतो, रांग तेवढीच. आणि दर नोव्हेंबरात त्या रांगेत कुणीतरी विचारतंच, "बरं लिहीत होतात की! दिग्दर्शनाच्या भानगडीत कशाला पडलात?"

माझं ठरलेलं उत्तर : माझ्या सीनची वाट लावली म्हणून. खोटं नाही ते. अर्धं आहे.

मी लिहिलेला एक सिनेमा, दिग्दर्शक दुसरा. शेवटच्या सीनमध्ये आई अंगणात भिजत उभी राहते. मी लिहिलं होतं, "पाऊस सुरू होतो." तीन शब्द. शूटिंग फोंडा तालुक्यातल्या एका गावात, तेही मे महिन्यात. खोट्या पावसाला टँकर लागतो, आणि मागून लाइट मारला नाही तर कॅमेऱ्याला थेंब दिसत नाहीत, हे मला तिथं कळलं. दोन टँकर आले. पाइप जोडेपर्यंत वाड्यावरच्या बायका कळश्या घेऊन हजर. नळ चार दिवस कोरडे होते, त्यांना वाटलं पाणी आलं. एकीनं तर तोटीखाली बादली ठेवलीसुद्धा. "बाय, हे शूटिंगचं," प्रॉडक्शनवाला म्हणाला. तिनं बादली उचलली नाही. पायानं जराशी बाजूला सरकवली.

दिग्दर्शक बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, तोटी सोडा. सीन सोप्यावर घेतला, कोरडा.

मी सगळ्यांदेखत भांडलो. "निदान दुसरा टँकर तरी ठेवा," म्हणालो. मुलाखतींत हे वाक्य मी सांगत नाही.

पण सीन पडला तो पडलाच! आई नुसती बसून राहते आणि थिएटरात लोक मोबाइल काढतात. जूनपर्यंत थांबता आलं नसतं? पैसे नव्हते म्हणे. तेव्हाच ठरवलं, पुढचं आपणच करायचं.

माझ्या सिनेमाला मी थांबलो. मृगाचा खरा पाऊस मिळाला. कौलांवर असा कोसळत होता की साउंडवाल्याला आईचं एक वाक्य धड मिळालं नाही, सगळं डबिंगला करावं लागलं. सीन त्या दिग्दर्शकाच्या सीनपेक्षा चांगला झाला का? एक दिवस वाटतं झाला, दुसऱ्या दिवशी ती बादली आठवते.

गेल्या इफ्फीत तोच दिग्दर्शक रांगेत माझ्या पुढे होता. मागं वळून म्हणाला, "काय, सध्या काय लिहितोस?"