टीव्ही स्वस्तात मिळाला, पण भिंतीवर लावायला माणूस येईना: माझा अनुभव

राजापूर तालुक्याच्या दक्षिण टोकाला, खारेपाटणच्या जवळ आमची वाडी आहे. इथे टीव्हीची किंमत बिलावर ठरत नाही. टीव्ही घरात येऊन, लागून, चालू झाला की ती ठरते. बिलाचा आकडा, त्यात वाहतूक, फिटिंग, आणि उद्या पडद्यावर उभी रेघ आली तर माणूस कुठून येणार, ही सगळी बेरीज धरावी लागते. पंचावन्न इंची टीव्ही घेताना भाव काढणं सोपं गेलं. ‘डेमो’ नावाच्या प्रकाराने, म्हणजे कंपनीच्या माणसाने घरी येऊन टीव्ही लावून-चालू करून देण्याने, मात्र असा वैताग दिला की बहुतेक त्याबद्दलच लिहिणार आहे.

भावाचं आधी उरकून घेतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. 32 इंच आणि त्याखालच्या टीव्हीवर तो 2019 पासूनच 18 टक्के आहे, त्यामुळे 32 इंचीवर ‘जीएसटी कपातीची सूट’ असा फलक दिसला तर ती सूट सरकारने दिलेली नाही. मोठ्या टीव्हीचा भावसुद्धा सरळ दहा टक्के उतरत नाही, कारण कर मूळ किमतीवर लागतो. जुन्या दराने 40,000 ला पडणारा टीव्ही नव्या दराने 36,875 ला पडायला हवा, म्हणजे जेमतेम आठ टक्के कमी. दुकानदार ‘दहा टक्के उतरवलेत’ म्हणाला तर त्याच्यासमोरच मोबाइलवर हिशोब करा.

‘नो कॉस्ट ईएमआय’ फुकट नसतो. व्याजाएवढी सूट आधी दिलेली असते, पण त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. 36,000 चा टीव्ही 15 टक्के व्याजाने नऊ हप्त्यांत घेतला तर हे सहाशेच्या आसपास जातं. फार नाही, पण रोख भावाशी तुलना करताना धरायला हवं.

मॉडेलचा कोड शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घ्या. एकाच मालिकेतल्या दुकानी आणि ऑनलाइन टीव्हीला वेगवेगळे कोड देतात. गिऱ्हाइकाला दोन भाव शेजारी ठेवून बघता येऊ नयेत, हाच त्यामागचा हेतू असावा असं मला वाटतं. कोड वेगळा असला तर रॅम, स्टोरेज, एचडीएमआयची तोंडं (केबल जोडायची) आणि रिफ्रेश रेट (पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं) हे चार आकडे ताडून बघा. खोक्यावर ‘मोशन 120’ असलं काही लिहिलेलं असतं, त्याखाली पॅनल, म्हणजे खुद्द पडदा, 60 हर्ट्‌झचाच निघतो. क्यूएलईडी हाही एलसीडीच असतो, रंगासाठी एक जादा थर घातलेला. दोन जीबीपेक्षा कमी रॅम नको. टीव्ही चालवणाऱ्या प्रणालीचं नाव गूगल टीव्ही, वेबओएस किंवा टायझन यांपैकी एक हवं. नुसतं ‘अँड्रॉइड’ लिहिलेल्या स्वस्त टीव्हीत बरेचदा मोबाइलचं अँड्रॉइड कोंबलेलं असतं आणि नेटफ्लिक्स धड एचडीत चालत नाही.

आता डेमो.

ऑनलाइन घेतलेल्या टीव्हीचं खोकं एक जण आणून देतो आणि टीव्ही लावायला दुसरा येतो. हा दुसरा माणूस कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा असतो आणि तो कुठून निघणार हे पिनकोड ठरवतो. आमचा पिनकोड रत्नागिरी जिल्ह्याचा, म्हणून काम रत्नागिरीकडे गेलं. कणकवली आम्हाला रत्नागिरीपेक्षा जवळ, तिथे त्याच कंपनीचा माणूस बसलेला, पण जिल्हा सिंधुदुर्ग. टोल फ्रीवरच्या बाईंना हे पटवणं अशक्य होतं. त्यांच्या पडद्यावर पिनकोडसमोर जे नाव येतं तेच खरं. रत्नागिरीच्या माणसाला एका टीव्हीसाठी तालुक्याच्या टोकाला येणं परवडत नाही, हेही खरंच आहे. मग तो फोनच करत नाही, आणि संध्याकाळी मेसेज येतो: ‘ग्राहक उपलब्ध नसल्याने आपली विनंती बंद करण्यात आली आहे.’ ग्राहक दिवसभर ओटीवर बसलेला! नवी विनंती टाकली की नवा नंबर मिळतो आणि सगळं पहिल्यापासून.

नुसता उशीर असता तर सोसला असता. खरी मेख बदलीच्या मुदतीत आहे. ऑनलाइन टीव्ही बदलून मिळण्याची मुदत साधारण सात किंवा दहा दिवसांची असते आणि ती माल हातात पडल्यापासून मोजतात, टीव्ही लागल्यापासून नाही. सदोष आहे हे ठरवायलासुद्धा कंपनीचाच माणूस येऊन बघून जावा लागतो. म्हणजे जो येत नाही त्याच्या येण्यावर आपली मुदत चालू. मुदत उलटली की बदली बंद आणि दुरुस्तीची रांग सुरू.

म्हणून ‘टेक्निशियनशिवाय खोकं उघडू नये’ ही ओळ वाचून गप्प बसायचं नाही. ऑर्डर देतानाच ओपन बॉक्स डिलिव्हरीचा पर्याय दिसला तर तो निवडा, त्यात आणणाऱ्यासमोर खोकं उघडून पॅनल बघता येतो. तो पर्याय नसेल तर चॅटवर लेखी विचारा: ‘टेक्निशियन मुदतीत आला नाही तर मी टीव्ही पायांवर उभा करून चालू केला तर वॉरंटी जाईल का?’ मला लेखी उत्तर ‘नाही’ असं मिळालं. त्याचा स्क्रीनशॉट काढला, खोकं उघडलं आणि सगळ्याचा सलग व्हिडिओ घेतला: आधी सहा बाजू, मग सिरियल नंबरचं लेबल, मग टेप कापणं. पंचावन्न इंची टीव्हीला दोन माणसं लागतात. कडांना धरायचं, पॅनलवर बोटांचा दाब नको, आणि आडवा झोपवायचा नाही. महामार्गावरून येतानाही खोकं उभंच यायला हवं. टेम्पोत आडवं दिसलं तर उतरवण्याआधीच फोटो काढा.

चालू झाल्यावर यूट्यूबवरून पूर्ण पांढरा, करडा, लाल, हिरवा, निळा आणि काळा असे पडदे लावून बघा. पांढऱ्यावर काळे ठिपके दिसतात, करड्यावर उभे पट्टे, आणि काळोख्या खोलीत काळ्यावर कोपऱ्यातून फुटणारा उजेड. थोडा उजेड सगळ्याच स्वस्त टीव्हीत असतो, पण रेघ किंवा पट्टा दिसला तर त्याच दिवशी तक्रार टाका.

आणखी एक. काम झाल्यावर सांगायचा कोड मोबाइलवर येतो. यायच्या आधीच फोनवर ‘कोड सांगा, उद्या नक्की येतो’ म्हणणारा भेटतो. कोड दिला की त्याच्या खात्यात डेमो झाला आणि तुमचं काम संपलं. टीव्ही भिंतीवर लागून चालेपर्यंत कोड द्यायचा नाही.

टोल फ्रीवर भांडून काही हलत नाही. ज्या संकेतस्थळावरून माल घेतला त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. ईमेलमध्ये बंद केलेल्या विनंत्यांचे सगळे नंबर, त्या दिवशीचे कॉल लॉग आणि बदलीच्या मुदतीची तारीख घाला. मी ‘मुदत टेक्निशियनच्या भेटीपासून मोजावी’ अशी स्पष्ट मागणी केली आणि सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरचा तक्रार क्रमांक जोडला. त्यानंतर जे काम रत्नागिरीशिवाय होणारच नव्हतं ते निमूट कणकवलीला गेलं. इथेही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

माणूस आला, भिंतीवर टकटक करून बघितलं आणि ड्रिल परत पिशवीत ठेवलं. म्हणाला, “चिऱ्याची भिंत असा? मगे पयलाच सांगूक व्हया होता.” त्याची चूक नव्हती. कंपनीच्या ब्रॅकेटबरोबर आखूड प्लॅस्टिक प्लग येतात, ते विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीसाठी. चिरा म्हणजे जांभा दगड, मऊ आणि सच्छिद्र. ड्रिल हॅमरवर (ठोके देत फिरण्यावर) ठेवलं की 8 मिमीचं भोक बघता बघता 11-12 चं होतं, प्लग आत फिरत राहतो आणि त्याची निम्मी लांबी तर गिलाव्यातच जाते. त्या दिवशी टीव्ही कसाही टांगून घेतला असता तर पावसाळ्यात भिंत ओलावल्यावर प्लग सैल झालाच असता.

चिऱ्याच्या भिंतीला प्लाय लावून घ्यावं लागतं आणि ते टेक्निशियन करत नाही. आपल्याच सुताराकडून आधी करून ठेवा. 18 मिमीचं मरीन प्लाय, 55 इंचीसाठी साधारण 75 बाय 50 सेंटीमीटर, म्हणजे टीव्हीमागे लपतं. ब्रॅकेट त्या प्लायला नट-बोल्टाने आधीच आवळा, बोल्टाची डोकी मागच्या बाजूने प्लायमध्ये बुडवून. मग प्लाय भिंतीला सहा ठिकाणी 10 बाय 100 मिमीच्या लांब नायलॉन प्लगने आणि स्टेनलेस स्क्रूने. साधा स्क्रू खाऱ्या हवेत गंजतो. भोक हॅमर बंद ठेवून पाडायचं आणि आतली पूड फुंकून काढायची. गिलाव्याची करडी पूड संपून लाल पूड यायला लागली की चिरा लागला. लाल येतच नसेल, करडीच येत राहिली, तर ड्रिल दोन चिऱ्यांमधल्या दर्जेत शिरलं आहे, दोन-तीन इंच सरका. प्लाय आणि भिंत यांच्यात वॉशर घालून 5 मिमीची फट सोडा, नाहीतर ओल प्लायमध्ये चढते. टीव्ही चढवण्याआधी ब्रॅकेटला 25 किलो तांदळाची गोणी रात्रभर टांगून बघा. पंचावन्न इंची टीव्ही 12 ते 18 किलोंचा असतो.

टीव्हीच्या पाठीवरच्या भोकांमधलं अंतर मिमीमध्ये मोजून ठेवा: 200 बाय 200, 300 बाय 300, असं. येणाऱ्याकडे ते ब्रॅकेट नसलं की ‘सोबतचं बसत नाही, हे घ्या’ म्हणत महागडं हलतं ब्रॅकेट गळ्यात मारतात. फिक्स ब्रॅकेट काही शे रुपयांत हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. हलतं ब्रॅकेट चिऱ्याच्या भिंतीला नकोच, टीव्ही पुढे ओढला की सगळा भार वरच्या दोन स्क्रूंवर येतो. उंचीचंही लोक चुकतात. सोफ्यावरून बघणाऱ्यांसाठी पडद्याचा मध्य जमिनीपासून 100 ते 110 सेंटीमीटर ठीक, पण माजघरात चटईवर बसून बघणार असाल तर 80 च्या आसपास ठेवा.

यावरून आठवलं, पॅनलचा प्रकार, व्हीए की आयपीएस, दुकानातच विचारायचा असतो. व्हीए पॅनलचा काळा रंग गडद असतो, पण बाजूने बघितलं की रंग उडतात. आयपीएसचा काळा करडट असतो, पण कोनातून बरा दिसतो. माजघरात चार जण समोर आणि सहा जण दारातून बघणारे, अशा घरात मी आयपीएस घेईन.

विजेचं. बहुतेक टीव्हीवर 100-240 व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणून कमी व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर लागत नाही. भीती उलटी आहे: वादळात न्यूट्रल तुटला की घरात 400 व्होल्टच्या जवळपास येऊ शकतात. त्यासाठी हाय कट असलेला, म्हणजे व्होल्टेज फार चढलं की वीज तोडणारा, स्टॅबिलायझर हवा, आणि अर्थिंग खरंच चालू आहे का ते वायरमनकडून मोजून घ्या. वळवाच्या आणि परतीच्या पावसात प्लग काढता तेव्हा डिशची केबलही काढा. वीज तिथूनही आत येते, आणि वॉरंटीत वीज, गंज, मुंग्या, पाल यांपैकी काहीच बसत नाही. पाल मागच्या झरोक्यातून शिरते, उबेला. बारीक जाळी लावायची तर झरोका गुदमरणार नाही अशी लावा. पावसाळ्यात टीव्ही रोज थोडा वेळ तरी चालवा, आतली ओल सुकते.

आणि भाव करायला गणपतीआधीचे पंधरा दिवस सगळ्यात वाईट. चाकरमानी येणार म्हणून लोक भाव न विचारता टीव्ही उचलतात. कणकवली किंवा रत्नागिरीच्या दुकानात गौरी-गणपती झाल्यावर जा, ऑनलाइनचा भाव मोबाइलवर दाखवा आणि तेवढीच किंमत मागू नका. ऑनलाइनपेक्षा हजार-दीड हजार जास्त द्यायची तयारी ठेवा, बदल्यात बिलावर लिहून घ्या: घरपोच, त्याच दिवशी चालू करून दाखवणार, सात दिवसांत पॅनलचा दोष निघाला तर दुकान बदलून देणार. लिहून देणारा दुकानदार मिळाला तर ऑनलाइन बघूच नका. खोक्यावरच्या लेबलवर उत्पादनाचा महिना-वर्ष बघा. वर्षभर गोदामात पडलेल्या मालावर आणखी सूट मागता येते.

खोकं आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. सर्व्हिस सेंटरला न्यायची वेळ आली तर त्याशिवाय टीव्ही वाटेत फुटतो. उंदीर थर्माकोल कुरतडतात, तेव्हा वरून जाड प्लॅस्टिक गुंडाळून ठेवा.