टाचेखालची चुंबळ

आमची दिंडी लहान, ४०-४५ माणसं. सोलापुरातून निघायचं आणि तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा करत चार दिवसांत पंढरपूर. आळंदीहून येणाऱ्यांसमोर हे अंतर काहीच नाही, ७५-८० किलोमीटर, पण दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माझ्यासारखीला ते खूप असतं आणि माझी ही दुसरीच वारी.

माझं डोकं बारा वर्षांपासून दुखतं, अर्धशिशी. आधी महिन्यातून दोनदा दुखायचं, मग आठवड्यातून, मग जवळजवळ रोज, आणि मी रोज गोळी घ्यायचे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साध्या पेनकिलर घेतल्या आणि असं महिनोन्‌महिने चाललं, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांना तर १० दिवसच पुरतात. मला ते ऐकून रडूच आलं होतं. तेव्हापासून एक छोटी वही ठेवते, कधी दुखलं, आधी काय झालं होतं, गोळी घेतली का नाही. वारीतही ती वही पिशवीत होती, सोबत कागदी टेप, कापूस, स्पिरिट, सुई आणि मीठ-साखरेच्या पुड्या. एक लिटर पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, त्याची पुडी घरीच मोजून बांधली होती.

तिऱ्ह्यापर्यंत मजेत. सीनेच्या पुलावर वारं होतं, पावल्या खेळलो, ज्ञानबा-तुकारामच्या गजरात ऊन लागतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामती सोडली आणि उजव्या टाचेखाली चटका बसायला लागला. फोड नव्हता अजून, नुसती गरम जागा. मला माहीत होतं की हीच ती वेळ, आत्ता थांबायचं, मोजा काढायचा, पाय कोरडा करायचा, त्या जागेवर टेप लावायचा, पाच मिनिटांचं काम. फोड काही नुसत्या चालण्याने येत नाही, घामाने ओली झालेली कातडी बुटाशी पुन्हा पुन्हा घासून आतल्या थरात ओढली जाते, तिथे पाणी भरतं. माझे मोजे सुती, चिंब झालेले, आणि बूट निघायच्या चार दिवस आधी नवी पेठेतून घेतलेले, तेही सकाळी. पाय संध्याकाळी सुजतात म्हणून बूट संध्याकाळी बघायचे हेही माहीत होतं. तरी थांबले नाही, कारण भजन रंगलं होतं, माझ्या हातात टाळ होते आणि ओळ सोडून बाजूला बसायचं म्हणजे पांडुरंगाशी लबाडी केल्यासारखं वाटलं. पुढचे एक म्हणाले, ताई, माउली चालवतात, पायाकडे बघायचं नाही. मी नाही बघितलं.

तासाभरात टाच टेकवेना. पायाच्या चवड्यावर चालायला लागले, त्याने पोटरी भरून आली, मग गुडघ्याची बाहेरची बाजू. एका ठिकाणची दुखापत अशी वर वर चढत जाते. त्यात मागे एक टेम्पो कर्णा लावून चाललेला, इतका मोठा आवाज की आपल्याच तोंडातलं नाव आपल्याला ऐकू येईना, कपाळाची डावी बाजू ठणकायला लागली. मला त्या टेम्पोचा, त्या काकांचा, उन्हाचा, सगळ्यांचा राग आला. अशा मनानं नाव घ्यायचं कसं हेच कळेना.

शेवटी एका बाभळीखाली बसले. दिंडी पुढे गेली. आमच्यातली एक मावशी थांबली, तिनं सुई-दोरा काढला आणि म्हणाली फोडातनं दोरा ओवून तसाच ठेवू, पाणी झिरपत राहील. सगळे असंच करतात. मी नको म्हटलं तर ती रागावली, आम्ही ३० वर्षं करतोय म्हणाली, आणि निघून गेली.

तिथंच पलीकडे चार बायका भाकरी खात बसलेल्या. त्यातली एक उठून आली. ५५-६०ची असेल, कुंभारीच्या गोदूताई नगरातली, विडी कामगार, घरी तेलुगू बोलणारी. "अक्का, पाय दाव की." मी दाखवला. रुपयाएवढा टच्च फुगलेला फोड. ती म्हणाली, "दोरा नको बघ, माझ्या मालकाचा पाय असाच पिकला होता, महिना घरी बसला."

मी सुई स्पिरिटने पुसली, हातही पुसले. फोड छोटा आणि दुखत नसेल तर फोडायचाच नाही, पण हा टेकवताच येत नव्हता. खालच्या कडेला बारीक भोक पाडलं, कापसानं हळूच दाबलं, पाणी गेलं. वरची कातडी तशीच ठेवली, तीच खालच्या कच्च्या जागेची सगळ्यात चांगली पट्टी. स्वच्छ कापूस, वर टेप. पण टाच टेकवली की जीव जात होता.

मग तिनं काय केलं, आपल्या पिशवीतलं जुनं धुतलेलं लुगड्याचं फडकं काढलं, त्याची पट्टी फाडली आणि चुंबळ वळायला घेतली. डोक्यावर घागरीखाली ठेवतो ना, तशी, पण बांगडीपेक्षाही लहान. तिची बोटं बघत राहिले. अंगठ्याचं नख पार झिजलेलं, तर्जनीच्या टोकाला तंबाखूचा पिवळा डाग, आणि वळण इतकं एकसारखं की एक सुरकुती नाही. ती चुंबळ तिनं माझ्या टाचेखाली अशी बसवली की फोड मधल्या पोकळीत आला आणि भार सगळा कडेवर. वरून टेप गुंडाळला. "आता उभी ऱ्हा." उभी राहिले. दुखत होतं, पण टेकवता येत होतं. बुटात ते मावेना, तर तिनं स्वतःच्या पिशवीतल्या रबरी स्लिपर काढून दिल्या. पंढरपुरात कुणाचा पाय भाजत असेल त्याला दे म्हणाली, मला परत नको.

आम्ही दोन तास बसलो. ती पाणी देत होती, मी पुडी घातलेलं पाणी घोटघोट पीत होते, आणि ऊन उतरता उतरता कपाळाचा ठणकाही उतरला. उपाशी आणि कोरड्या तोंडाने चाललं की माझं डोकं हमखास दुखतं, हे वहीत आधीच दहा वेळा लिहिलेलं. तिची मानही दुखते म्हणाली, मांडीवर सूप घेऊन दिवसभर खाली मान, हजार विड्या झाल्याशिवाय उठायचं नाही. मी तिला सांगितलं, सूप पाटावर ठेवा, अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटं चाला, खांदे मागे फिरवा. "उठलं तर हजार कधी व्हायचे?" ती म्हणाली. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माचणूरला सिद्धेश्वर, खाली भीमा. मंगळवेढ्याला दामाजीपंतांचं दर्शन. मुक्कामाच्या जागी एका मंडळाच्या तंबूत मागेल त्याला पेनकिलर वाटत होते, जेवलाय का, बीपी आहे का, काही विचारणं नाही. घामाने पाणी कमी झालेलं असताना रिकाम्या पोटी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या पोटाला आणि किडनीला त्रास देतात. आमच्यातल्या शुगर असलेल्या एका आजोबांना मी हात धरून परत आणलं. रात्री मोबाईलच्या उजेडात त्यांचे तळवे बघितले, करंगळीखाली फोड फुटून रक्त सुकलेलं आणि त्यांना पत्ताच नाही. दुखत नाही म्हणून बरं आहे असं ते म्हणत होते. त्यांना तिथूनच दवाखान्यात पाठवलं आणि तिथून गाडीने पंढरपूरला. गाडीत बसताना रडले ते.

वाटेत एका पोराचा पावली खेळताना घोटा मुरगळला, लोक लगेच मलम लावून चोळायला लागले. मी ओरडलेच. ताज्या सुजेवर चोळायचं नाही, शेकायचंही नाही. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून टॉवेलात गुंडाळून १५ मिनिटं ठेवला, क्रेप बँडेज बांधलं, पाय पिशवीवर उंच. घोट्याच्या हाडावर दाबून दुखत नव्हतं आणि चार पावलं टाकता आली, म्हणून एक्स-रेची घाई केली नाही. उरलेली वाट मात्र सामानाच्या ट्रकमधून.

दशमीला कळस दिसला आणि मी तिथंच रस्त्यावर डोकं टेकवलं, किती वेळ ते आठवत नाही.

चंद्रभागेत मात्र उजवा पाय घातला नाही. फोडाची कातडी एका कडेला उचकटली होती, त्या गर्दीच्या पाण्यात उघडी जखम नको. वाळवंटात बसून डावा पाय पाण्यात सोडला आणि तांब्याने डोक्यावर पाणी घेतलं. फार वाईट वाटलं. स्लिपर एका अनवाणी आजींना दिल्या आणि पुन्हा बूट, मागची टाच दाबून.

एकादशीला उपास. दर दोन तासांनी लिंबू-साखर-मिठाचं पाणी, दुपारी भगर. तरी चार वाजता डावीकडे ठणका आलाच. तासभर अंधारात पडून बघितलं, मग एक पॅरासिटामोल घेतली. रात्री वहीत लिहिलं: एकादशी, ऊन, गर्दी, झोप तीन तास, गोळी १, या महिन्यातली तिसरी.