तुम्ही विचारलंत म्हणून: केमो चालू असताना काढा द्यावा का?

निपाणीहून, खानापूरहून, कधी शहापुरातल्या आमच्याच गल्लीतून हा प्रश्न मला विचारला जातो, कारण माझ्या आईच्या स्तनाच्या कर्करोगावर बेळगावात उपचार झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. माझे उत्तर एकच असते: डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घोटभरही देऊ नका.

आमची चूक तिथेच झाली. तिसऱ्या केमोआधीच्या रक्ततपासणीत यकृताचे आकडे फार वाढलेले निघाले आणि डोस पुढे ढकलावा लागला. "दुसरे काही औषध घेता का?" असे डॉक्टरांनी अर्धे कानडीत, अर्धे हिंदीत विचारले, तेव्हा आईने माझ्याकडे पाहिले आणि आम्ही दोघीही गप्प राहिलो. घरी आत्याने पाठवलेली गुळवेल रोज पहाटे पातेल्यात उकळत होती. आत्याची माया खोटी नव्हती. शिवाय सुई, सलाईन, तारीख असे सगळेच दुसऱ्यांच्या हाती गेलेले असताना तो पेलाभर कडू काढा तेवढा आईला स्वतःच्या हातचा वाटत होता. पुढच्या खेपेस मी खरे सांगितले. काढा थांबवल्यावर आकडे उतरले. दोष काढ्याचा होता की केमोचा, हे आजही ठरवता येत नाही. परंतु आम्ही गप्पच राहिलो असतो, तर केमोचा डोस कमी करण्याची वेळ आली असती.

"झाडपाल्याने काय होणार?" असे म्हणणाऱ्यांना मी अंगणातली सदाफुली दाखवते. व्हिन्क्रिस्टिन हे रक्ताच्या कर्करोगावरचे औषध तिच्यापासूनच मिळते, आणि जादा मात्रेने मज्जातंतूंना इजा होते म्हणून ते एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक देत नाहीत. चघळलेल्या पानात किती गेले, हे कोण मोजणार?

येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रुग्णालयातील उपचारांसोबत पूरक उपचारही घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट आढळला. यांच्यापैकी अधिक जणांनी शस्त्रक्रिया, केमो किंवा किरणोपचार नाकारले होते, हे त्याचे मुख्य कारण दिसले.

म्हणून सगळेच टाकून द्या, असे मी म्हणत नाही. मळमळीसाठी आल्याचा तुकडा आणि झोपेसाठी सकाळचा प्राणायाम आईने डॉक्टरांना विचारूनच चालू ठेवला, आणि त्याने तिला खरोखर बरे वाटले. त्यानंतर प्रत्येक खेपेस फाईलसोबत एक कापडी पिशवी आम्ही नेत असू. तिच्यातली प्रत्येक बाटली आणि पुडी आई स्वतः टेबलावर मांडत असे.