थेंबे थेंबे तळे गळे

आमचे तळे गळते आहे हे मान्य करायला आम्हाला एक वर्ष लागले. पहिल्या पावसात ते काठोकाठ भरले, तेव्हा आम्ही दोघे बांधावर बसून त्याच्याकडे अशा काही अभिमानाने पाहत होतो, की पाऊसही आम्हीच पाडला असावा. पाऊस सरल्यावर तीन महिन्यांच्या आत तळाशी चिखल आणि त्यात रुतलेली माझी एक चप्पल एवढेच उरले. दोष आम्ही उन्हाला दिला, वाऱ्याला दिला, पाणी प्यायला उतरणाऱ्या पाखरांनाही थोडासा देऊन पाहिला. स्वतःच्या हाताने आखलेले तळे गळके आहे असे म्हणणे जिभेवर येत नव्हते. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे लहानपणी पाटीवर गिरवले होते; ते तशाच थेंबाथेंबाने रितेही होते, हे मात्र तेव्हा कोणी गिरवून घेतले नव्हते.

शेतावर राहून होईल तेवढे घरीच पिकवायचे आणि जे पिकेल ते आनंदाने खायचे, असे ठरवून आम्ही येथे आलो, तेव्हा त्या साऱ्या बेताची मदार या तळ्यावर होती. भाजीचे वाफे, कोंबड्या, शेळ्या, धुणेभांडी, सगळेच त्याच्या भरवशावर होते. म्हणून दुसऱ्या वर्षी पाऊस थांबल्यावर मी वही आणि बादली घेऊन काठावर गेले. बादलीची ही परीक्षा फार साधी आहे. उथळ पाण्यात एक बादली, आत दगड घालून, अशी ठेवायची की तिचा काठ पाण्याच्या वर राहील, आणि तिच्यात तळ्याचेच पाणी बाहेरच्या पातळीइतके भरायचे. ऊन आणि वारा दोन्ही पाण्यांना जवळजवळ सारखाच लागतो. त्यामुळे चोवीस तासांनी बादलीतले पाणी जेवढे उतरले असेल तेवढे वाफ होऊन गेले असे धरायचे, आणि बाहेरचे पाणी त्याहून जेवढे जास्त उतरले असेल तेवढे जमिनीने प्यायले असे समजायचे. आमच्या बादलीतले पाणी 6 मिलिमीटर उतरले होते आणि तळ्याचे 26. भरलेल्या तळ्याचा पृष्ठभाग 20 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असल्यामुळे एक सेंटीमीटर म्हणजे 2,000 लिटर, आणि आमची गळती दोन सेंटीमीटर, म्हणजे रोज 4,000 लिटर होती. पंधरा लिटरच्या बादलीने मोजले तर दर साडेपाच मिनिटांना एक बादली, आम्ही गाढ झोपेत असतानाही. हा हिशेब वहीत मांडल्यानंतर काही दिवस मी मध्यरात्री जागी होऊन बादल्या मोजत असे.

एवढे पाणी जाते कुठे, याचे उत्तर बांधाच्या पलीकडच्या अंगाला होते, आणि ते हिरवे होते. आजूबाजूचे गवत पिवळे पडले तरी तिथे खोलीभर जागा कायम ओली असे. स्वयंपाकघरातला ओला कचरा आम्ही त्याच बाजूला टाकत होतो, आणि त्यातल्या कुठल्याशा भोपळ्याच्या बीने ही संधी साधली होती. कोणी न लावलेला, न शिंपलेला तो वेल दोन महिन्यांत बांध चढून आला. त्याची पाने ताटाएवढी होती. सकाळी त्याची पिवळी फुले उघडत आणि दुपारपर्यंत मिटून जात. आम्ही निगुतीने लावलेल्या, रोज पाणी घातलेल्या वेलाला चार भोपळे लागले. या आगंतुकाला तेवीस लागले. भोपळ्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. तेव्हा पाच किलोचा एक भोपळा खांद्यावर घेऊन घरी येताना, आपल्याच तळ्यातले साडेचार लिटर पाणी आपण परत आणतो आहोत, असे वाटून मला जरा बरे वाटे. अर्थात हे समाधान फसवे होते, कारण फळात जेवढे पाणी थांबते त्याच्या कितीतरी पट पाणी वेल पानांवाटे हवेत सोडून देतो.

तेवीस भोपळे घरात येणे ही कौतुकाची गोष्ट पहिल्या तीन भोपळ्यांपर्यंत असते. त्यानंतर तो प्रश्न होतो. आपोआप उगवलेल्या वेलाचे फळ शिजवण्याआधी त्याचा कच्चा कपटा जिभेला लावून पाहायला हवा, हे आम्हाला सुदैवाने ठाऊक होते. भोपळ्याच्या जातीतल्या वेलींचा परस्परांशी संकर सहज होतो आणि एखाद्या वेळी त्यातून अतिशय कडू फळ निपजते. तो कडवटपणा नुसता चवीला वाईट नसतो, पोटालाही बाधतो आणि शिजवून जात नाही. आमचा भोपळा गोड निघाला. देठ राखून तोडले आणि आठ-दहा दिवस उबदार, कोरड्या जागी ठेवून साल कडक होऊ दिली, तर भोपळे महिनोन्‌महिने टिकतात. आम्ही ते पलंगाखाली ओळीने मांडले. झाडताना केरसुणी त्यांच्यावर आपटली की घुमल्यासारखा आवाज येई.

मग सुरू झाला कोंड्याचा मांडा करण्याचा उद्योग. स्वयंपाक आमच्या घरी पाळीने होतो, आणि त्या हंगामात आमची एकमेकांशी न बोलता चुरस लागली होती. नवऱ्याने भोपळ्याचे दाट सूप केले. मी फोडी भाजून त्यांवर मीठ-मिरी घातली. त्याने वेलाचे कोवळे शेंडे सोलून लसणीवर परतले. मी फुले पिठात बुडवून तळली, आणि तीही फक्त नरफुले, कारण मादीफुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा आधीच धरलेला असतो. बिया धुऊन, वाळवून, तव्यावर भाजल्या की एकेक फुटल्याचा टपटप आवाज येतो आणि स्वयंपाकघर खमंग वासाने भरून जाते. त्या थंड होण्याआधीच निम्म्या संपत. साल मात्र मला शेवटपर्यंत जमली नाही. साल वापरण्याच्या कृती सांगणारे लोक ती स्वतः खातात की केवळ सांगतात, याची मला दाट शंका आहे.

बादलीची परीक्षा मग मी स्वयंपाकघरालाही लावली. ओट्यावर झाकणाचे एक भांडे ठेवले आणि आठवडाभर जे जे टाकायचे ते ते बाहेर न नेता त्यातच टाकायचे, असा नियम केला. आठवड्याच्या शेवटी वास फार वाईट होता आणि माहिती फार चांगली. मला वाटत होते की आमची नासाडी शिळ्या अन्नाची असेल. ती निघाली देठांची. कोबीचा दांडा, फुलकोबीची पाने, मुळ्याचा आणि बिटाचा पाला, सगळे चांगले खाण्याजोगे होते आणि केवळ हाताच्या सवयीने भांड्यात पडत होते. त्यानंतर दांडे बारीक चिरून सुपात जाऊ लागले आणि पाला भाजीत. बटाट्याच्या बाबतीत मात्र मी काटकसर मानत नाही. उजेडात राहून हिरवा पडलेला, कडवट लागणारा बटाटा वाचवायला जाणे म्हणजे पोटदुखी विकत घेणे होय. काटकसरीला कुठे थांबायचे हे कळले नाही, की ती घराला खाते.

राजम्याची गोष्ट तर सांगायलाच हवी. घरचा वाळवलेला लाल राजमा नवऱ्याने रात्रभर भिजवला, पाणी बदलले, सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटे चांगला खळखळून उकळला. हे अगदी बरोबर होते, कारण कच्च्या किंवा मंद आचेवर अर्धवट शिजलेल्या लाल राजम्यातले विषारी द्रव्य माणसाला ओकाऱ्यांनी आडवे करते. पण पुढे त्याला घाई झाली आणि त्याने वाफ्यातले सगळे पिकलेले टोमॅटो त्याच पातेल्यात ढकलले. संध्याकाळी सहाला चुलीवर चढलेले पातेले रात्री नऊलाही दाण्याचे खडे तसेच सांभाळून होते. आंबट पदार्थात दाण्याच्या पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन लवकर विरघळत नाही. जड पाण्यातल्या कॅल्शियमनेही ते तसेच घट्ट राहते. म्हणून दाणा बोटाने चिरडला जाईपर्यंत टोमॅटोला पातेल्याबाहेर थांबवावे लागते. ‘टोमॅटो आधीच घातलेस?’ एवढेच मी विचारले. त्या रात्री आम्ही भोपळा खाल्ला.

तळे आटल्यावर आम्ही त्याच्या दुरुस्तीला लागलो. प्लास्टिकचे अस्तर घालावे असे सगळ्यांनीच सुचवले. पण ते आमच्या ऐपतीबाहेरचे होते, आणि शेळीच्या एका खुराने त्याचे काय होईल हेही दिसत होते. बेंटोनाइट नावाची, ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली एक माती मिळते. ती पाणी लागताच कित्येक पट फुगून भेगा बुजवते. तीही विकतच आणावी लागली असती. त्याआधी आपल्या जमिनीत काय आहे ते पाहावे म्हणून मी तळातली मूठभर माती काचेच्या बरणीत पाण्याबरोबर खळाखळा हलवून खिडकीत ठेवली. वाळू मिनिटभरात खाली बसली, गाळ तासा-दोन तासांत. पण वरचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच होते. हा गढूळपणा म्हणजे चिकणमाती. तिचा कण 0.002 मिलिमीटरहूनही लहान असतो, त्यामुळे त्याला तळाशी जायची काही घाई नसते. मग ओली माती तळहातावर वळून तिची पेन्सिलीएवढी वळी केली आणि बोटाभोवती गुंडाळली. वळीला तडा गेला नाही. बोटात मातीची अंगठी घालून मी ती नवऱ्याला दाखवायला धावत गेले. लग्नातल्या अंगठीसाठी मी इतकी धावले नव्हते, असे तो म्हणाला.

म्हणजे माती चांगली होती आणि तरीही तळे गळत होते. खणून पाहिल्यावर बांधाच्या बुडाशी वीतभर जाडीची पिवळ्या वाळूची शीर सापडली. तळे पहिल्यांदा खणताना ती आमच्या डोळ्यांसमोर होती आणि आम्हाला दिसली नव्हती. ती जागा कोरून काढून तिथे चिकणमातीचे पंधरा-पंधरा सेंटीमीटरचे थर घातले आणि प्रत्येक थर धुम्मसाने ठोकून बसवला. माती हाताला चिकटू नये आणि मुठीत दाबल्यावर तिचा गोळा फुटूही नये, इतपतच ओलावा त्या कामाला लागतो. उरला तळ. चिकणमाती नुसती असून भागत नाही. तिच्यात ढेकळांमधल्या फटी असतात, जुन्या मुळांची भोके असतात, आणि पाणी नेमके तिथून निसटते. ती ओली करून इतकी मळावी लागते की तिची मूळची घडण मोडून चपटे कण एकमेकांना चिकटून बसतील. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जेम्स ब्रिंडली या लिहिण्यावाचण्यात कच्च्या, पण पाण्याच्या कामात पक्क्या अभियंत्याने कालव्यांसाठी हीच युक्ती वापरली. 1761 साली वाहतुकीला खुल्या झालेल्या ब्रिजवॉटर कालव्यासाठीही अशी मळलेली चिकणमाती वापरली होती. कालव्यांची माती तुडवून घेण्यासाठी त्यांच्या तळावरून गुरे हाकण्याची रीत होती.

आमच्याकडे गुरे नव्हती, शेळ्या होत्या. शेळी चिखलात पाय घालत नाही. ती काठावर उभी राहून, चिखल हा आपल्या इभ्रतीला शोभणारा प्रकार नव्हे अशा नजरेने आपल्याकडे पाहते. शेवटी शेजाऱ्यांच्या सहा गायी मागून आणल्या. त्याही काठावरच रेंगाळल्या. तेव्हा नवऱ्याने पलंगाखालचे उरलेले अकरा भोपळे बाहेर काढले, ते फोडले आणि ओल्या तळावर चहूकडे फेकले. गायी तळात उतरल्या. चार दिवस रोज सकाळी पाणी शिंपडायचे, भोपळ्याच्या फोडी नव्या जागी टाकायच्या आणि गायींना इकडून तिकडे फिरू द्यायचे, असा क्रम चालला. पहिल्या दिवशी त्यांचे पाय घोट्यापर्यंत रुतत आणि बाहेर निघताना चुबुक असा आवाज येई. चौथ्या दिवशी खुरांचे ठसे कणकेवर उठावेत तसे स्वच्छ उठू लागले. चिकणमाती वाळली की आकसते आणि भेगाळते, म्हणून पाऊस येईपर्यंत आम्ही सगळा तळ ओल्या गवताखाली झाकून ठेवला.

पाऊस आला, तळे भरले आणि मी पुन्हा बादली ठेवली. चोवीस तासांनी बादलीत 6 मिलिमीटरची घट होती आणि तळ्यात 8 मिलिमीटरची. मी मोजपट्टी पुसून पुन्हा मोजले, आणि मग नवऱ्याला हाक मारली.

बांधाच्या पलीकडची जागा महिन्याभरात आजूबाजूच्या गवतासारखीच पिवळी झाली. गायींनी न खाल्लेल्या बियांतून यंदाही तिथे एक वेल उगवला होता. त्याला दोन फुले आली आणि पाने दुपारी माना टाकू लागली. आता रोज संध्याकाळी मी तळ्यातून दोन बादल्या भरून बांधापलीकडे नेते आणि वेलाच्या बुडाशी सावकाश ओतते. काल नवरा बांधावर उभा राहून हे पाहत होता. ‘किती घालतेस?’ असे त्याने विचारले. अकरा मिनिटांचे, असे मी सांगितले.